गोळ्यांनी मेंदू वाळतो का?

महाड आणि पोलादपूरच्या आपल्या मोहल्ल्यांत आखातात माणूस नाही असे घर शोधावे लागते. पूर्वी तिकडून पैसे आणि अत्तराच्या बाटल्या यायच्या, आता मोबाइलवर सल्लेही येतात. त्यातलाच एक सल्ला असा: वेडावरच्या गोळ्या मेंदू वाळवतात, नव्या पेशी उगवूच देत नाहीत, चार वर्षे घेतल्या की माणूस कामातून गेला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. डॉक्टर नाही. पण पालक शाळेत येतात ते काही फक्त गुणपत्रिका न्यायला येत नाहीत. पोलादपूरकडच्या एका वाडीतली आई मुलीच्या दाखल्यासाठी आली आणि दारात थबकून मोठ्या मुलाविषयी बोलू लागली. मुलाला दोन वर्षांपूर्वी कानात आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटायचे. गोळ्या सुरू झाल्यावर आवाज थांबले. "टीचर, आता तो शांत आहे. पण त्याचे मामू कुवेतवरून म्हणतात, गोळ्या बंद करा, नाही तर डोके वाळेल. तुम्ही शिकलेल्या आहात, खरे काय ते सांगा."

त्या आईला मी तेव्हा एवढेच म्हटले, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय आज एकही गोळी बंद करू नका. पण तिची भीती खुळी नव्हती. तिच्या मुळाशी अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ती इतकी पसरते. ते अर्धे कोणते आणि उरलेले अर्धे काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

असरोलच्या मुळापासून

भ्रम-भास आवरणाऱ्या या औषधांना अँटिसायकोटिक म्हणतात. ही सगळी विद्या परदेशातून आली असे आपण समजतो, पण तिचे एक मूळ आपल्याच मातीत आहे. अक्षरशः मूळ. सह्याद्रीच्या जंगलात सापडणारी सर्पगंधा हकीम लोकांना 'असरोल' या नावाने माहीत होती आणि उत्तरेत तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असे छापले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळातून शुद्ध रसायने वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी 'अजमलिन' नाव दिले, ज्यांनी हे कॉलेज उभे केले त्या हकीम अजमल खान यांच्या आठवणीसाठी. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने त्यातून रेसर्पिन काढले, आणि ते काही वर्षे अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांतही वापरले गेले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले, तर ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य दिले, तसे ते पुन्हा हलू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनते. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि एल-डोपाने तो परत भरला. डोपामिन हा मेंदूतला महत्त्वाचा निरोप्या आहे, हे या सशांमुळे कळले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

(असरोलचे मूळ घरी उगाळून कोणी घेऊ नये. रेसर्पिनने रक्तदाब धोकादायक उतरतो, काहींना खोल उदासी येते, आणि मानसिक आजारासाठी डॉक्टरांनी ते केव्हाच मागे टाकले आहे.)

आज वापरात असलेल्या औषधांची सुरुवात १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिनने झाली. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आले, पुढे क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन. यांतली बहुतेक औषधे डोपामिनचा साठा रिकामा करत नाहीत, तो जिथे जाऊन बसतो त्या जागा थोड्या अडवून धरतात.

डोपामिनचे एक काम असे समजा: समोरच्या अनेक गोष्टींपैकी 'इकडे लक्ष दे, हे तुझ्या कामाचे आहे' अशी खूण करणे. आजारात ही खूण भलत्याच ठिकाणी पडू लागते. शेजाऱ्याचा खोकला, घाटातल्या एसटीचा भोंगा, वर्तमानपत्रातली जाहिरात, सगळे आपल्यासाठीच आहे असे वाटते. गोळी ती खूण फिकी करते. मात्र मात्रा जास्त झाली तर हव्या त्या खुणाही फिक्या पडतात. ईद आली काय, भाचीचे लग्न ठरले काय, चेहऱ्यावर काही उमटत नाही. घरचे म्हणतात, "गोळ्यांनी पोरगा खाली झाला." हे पुष्कळदा मेंदू वाळल्याचे नव्हे, मात्रा जुळली नसल्याचे लक्षण असते, आणि मात्रा बदलता येते. कधी ती उदासीनता आजाराचाच भाग असते. दोन्हींतला फरक ओळखणे डॉक्टरांचे काम, पण ती नजरेला आणून देणे घरच्यांचे.

नव्या पेशींचे काय?

आम्ही शाळेत शिकलो तेव्हा पुस्तकात ठाम वाक्य होते, की मेंदूच्या पेशी जन्मानंतर नव्या बनत नाहीत. खरे तर १९६० च्या दशकातच अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन आणि त्यांचे भारतीय सहकारी गोपाल दास यांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या होत्या. वीसेक वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९९८ मध्ये माणसाच्या मेंदूतही त्या सापडल्याचे जाहीर झाले. जागा तीच होती, हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हा भाग आठवणी घडवतो. २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बनच्या खुणांवरून हिशेब मांडला, की प्रौढ माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या पेशी येतात. २०१८ मध्ये एका गटाने म्हटले, प्रौढांत अशा पेशी सापडतच नाहीत; त्याच वर्षी दुसऱ्या गटाने म्हटले, म्हातारपणीही सापडतात. २०२५ मध्ये स्वीडनच्याच गटाने प्रौढांच्या मेंदूत त्या पेशींच्या विभागणाऱ्या जनक पेशी दाखवल्या. वाद पुरता मिटलेला नाही, पण पारडे 'बनतात' या बाजूला झुकले आहे.

आता मामूंचा प्रश्न. गोळ्या या नव्या पेशींना रोखतात का?

जिवंत माणसाच्या मेंदूत या पेशी मोजण्याची सोय आज कोणाकडे नाही. म्हणजे "गोळ्यांनी तुमच्या नव्या पेशी थांबल्या" असे जो माणूस व्हिडिओत सांगतो, त्याने ते कुठे पाहिलेले नाही. जे पाहिले गेले ते प्राण्यांत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००० साली उंदरांना वेगवेगळी औषधे दिली. उदासीवरच्या औषधांनी नव्या पेशी वाढल्या, हॅलोपेरिडॉलने ना वाढल्या ना घटल्या. नंतर ओलान्झापिन आणि रिस्पेरिडोनवर प्रयोग झाले, त्यांत काही ठिकाणी वाढ दिसली. क्लोझापिनच्या एका प्रयोगात पेशी जास्त जन्मल्या, पण काही आठवड्यांनी मोजल्या तर त्यातून पक्क्या झालेल्या पेशी जास्त नव्हत्या. एकंदरीत प्राण्यांतला पुरावा 'गोळ्या नव्या पेशी मारतात' याच्या बाजूचा नाही. उलट जर्मनीत २००६ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत असे दिसले, की स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या पेशी इतरांपेक्षा कमी होत्या. मेंदू मोजके होते आणि त्या माणसांपैकी बहुतेकांनी औषधे घेतलेली होती, म्हणून त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण आजार स्वतःच पेशींच्या वाढीत अडथळा आणत असावा, ही शंका त्यातून बळावते.

मी हे मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण 'उंदरांत वाढ दिसली' हे वाचून उद्या कोणी उलटा व्हिडिओ काढेल की या गोळ्यांनी मेंदू ताजा होतो. तेही खरे नाही.

जे अर्धे खरे आहे

आकसण्याची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. अमेरिकेत आयोवा येथे २११ रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा सरासरी ७ वर्षे पुन्हा पुन्हा घेतल्या. २०११ मध्ये निष्कर्ष छापला, की ज्यांना जास्त औषध मिळाले त्यांच्या मेंदूचे आकारमान थोडे अधिक घटले होते. कोणी म्हणेल, ज्यांचा आजार जास्त त्यांना औषध जास्त, मग दोष आजाराचा. म्हणून माकडांवरचा प्रयोग महत्त्वाचा, कारण माकडांना स्किझोफ्रेनिया नव्हता. त्यांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिले, तर मेंदूचे वजन ८ ते ११ टक्के कमी भरले. पुढे पेशी मोजल्या तेव्हा मेंदूच्या तपासलेल्या भागात विचार वाहून नेणाऱ्या पेशींची संख्या घटलेली नव्हती, कमी झाल्या होत्या त्या त्यांना आधार देणाऱ्या पेशी. २०२० मध्ये माणसांतही ओलान्झापिन आणि खोटी गोळी अशी चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. औषध घेणाऱ्यांत मेंदूच्या वरच्या थराची जाडी किंचित घटली. पण त्याच अभ्यासात ज्यांचा आजार उलटला त्यांच्याही मेंदूत बदल दिसले.

तेव्हा 'गोळ्यांचा मेंदूच्या आकारावर काहीच परिणाम नाही' असे जे डॉक्टर हात झटकून सांगतात, त्यांचेही मला पटत नाही. लोकांना थोडक्यात खरे सांगितले तर लोक समजतात. खोटे आश्वासन एका व्हिडिओने फुटते आणि मग त्या डॉक्टरच्या खऱ्या शब्दावरही विश्वास राहत नाही.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. ६५ चाचण्यांतले सुमारे साडेसहा हजार रुग्ण एकत्र घेऊन २०१२ मध्ये हिशेब झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, औषध काढून खोटी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. फिनलंडमध्ये रुग्णालयात उपचार झालेल्या ६२,२५० रुग्णांची २० वर्षांपर्यंतची नोंद तपासली. औषध न घेतलेल्या काळातला मृत्यूचा हिशेब ४६ टक्क्यांवर गेला, औषध घेतलेल्या काळातला २६ टक्क्यांच्या आसपास राहिला. नोंदींवरच्या अभ्यासाला मर्यादा असतात, तरी एवढी दरी डोळ्याआड करता येत नाही. आजार उलटणे म्हणजे आपल्याकडे काय, हे इथल्या घरांना सांगायला नको. एमआयडीसीतली नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते, रात्री मुलगा महामार्गावर चालत सुटतो. कधी कधी तो परत येत नाही.

वाट मधली आहे. पूर्ण बंद नाही आणि आहे तेच जन्मभर असेही नाही. ज्या कमीत कमी मात्रेत आजार ताब्यात राहतो ती शोधायची. इंग्लंडमध्ये २५३ रुग्णांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी केलेल्यांपैकी २५ टक्क्यांचा आजार गंभीरपणे उलटला, पूर्वीचीच मात्रा चालू ठेवलेल्यांपैकी १३ टक्क्यांचा. म्हणजे कमी करण्यात धोका आहे, पण देखरेखीखाली चारातले तिघे त्या धोक्यातून वाचले. घरच्या घरी एका रात्रीत डबी गटारात ओतण्याशी याची तुलना होऊ शकत नाही. क्लोझापिन अचानक सोडल्यावर तर आजार पूर्वीपेक्षाही जोराने उसळू शकतो.

भीती कुठे असावी

मेंदू वाळण्याच्या चर्चेत खरे, दिसणारे त्रास मागे पडतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक पेटते. आपली जेवणे म्हणजे भात, त्यात दावती. सहा महिन्यांत दहा किलो चढतात, मागोमाग साखर येते. औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी मोजून ठेवावी, मग तीन महिन्यांनी, पुढे दर वर्षी. हे डॉक्टरांनी सांगितले नाही तर आपण मागावे.

दुसरा त्रास ओठ, जीभ, बोटे आपोआप हलत राहण्याचा, टार्डिव्ह डिस्कायनेशिया. त्यावर जगात ज्यांचे नाव घेतात ते डॉ. दिलीप जेस्ते मराठीच. पुण्यात शिकले, मुंबईच्या केईएममध्ये मानसोपचार शिकले, मग अमेरिकेत गेले आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. ४५ वर्षांवरच्या २६६ रुग्णांना जुन्या पद्धतीची औषधे दिल्यावर पहिल्या वर्षअखेर २६ टक्के आणि तिसऱ्या वर्षअखेर ६० टक्के लोकांत हा त्रास आढळतो, असे त्यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले. नव्या औषधांत तो कमी आहे, शून्य नाही. दादी किंवा नाना या गोळ्यांवर असतील आणि रिकामे तोंड चावत असतील, तर 'वय झाले' म्हणून सोडू नका.

व्यायामाचेही सांगून टाकते. चाकावर धावणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढतात, हे १९९९ पासून पक्के आहे. जर्मनीतल्या एका छोट्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी तीन महिने, आठवड्यातून तीनदा अर्धा तास सायकल चालवली, तर हिप्पोकॅम्पस १२ टक्के वाढलेला दिसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसे आढळले नाही. पण चालण्याने वजन आणि साखर उतरते यात शंका नाही, आणि पोलादपूरच्या चढउतारात चालायला पैसे पडत नाहीत. फजरनंतर बापाने मुलाला बरोबर घ्यावे. बोलायची सक्ती नको.

दर्गा, दवाखाना आणि एसटी

आपल्याकडे पहिली धाव दर्ग्याकडे जाते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज ६ ऑगस्ट २००१ ची वाटावी. तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्यात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. आज मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे कोणालाही साखळीने बांधणे गुन्हा आहे, घरातसुद्धा. याउलट गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' चालू झाले. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. ते दुआ देतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडून तिकडे जाणारे बरेच आहेत, त्यांनी ती खोलीही विचारावी.

इथली खरी अडचण अंतराची आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, महाडहून शंभरावर किलोमीटर. दिवसाची मजुरी बुडते, एसटी बदलावी लागते, आणि तपासणी दहा मिनिटांची. म्हणून एखादी फेरी चुकते आणि गोळ्या आपोआप बंद पडतात. मामूंच्या व्हिडिओपेक्षा जास्त गोळ्या याच कारणाने सुटत असतील. दूरध्वनीवर मराठीत मोफत सल्ला मिळतो, टेलि-मानस, क्रमांक १४४१६, दिवसरात्र. तिथे जवळची सोय विचारता येते, आणि महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन आपल्या रुग्णाला चालेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवता येते.

रमजानचे आधीच ठरवावे. रात्री एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर सहज बसते. दिवसातून दोनदा असेल तर वेळा डॉक्टरांकडून शाबानमध्येच बदलून घ्याव्यात, सेहरीला स्वतःच्या मनाने दोन्ही एकदम गिळू नयेत. लिथियम चालू असेल तर दिवसभर पाणी न पिणे धोक्याचे ठरू शकते, तिथे विचारल्याशिवाय रोजा धरू नये. आजारी माणसाला सवलत आहे आणि मनाचा आजार हाही आजारच.

पावसाळ्याचेही तसेच. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले तेव्हा दुकाने गेली, घरातल्या डब्या गेल्या, रस्ते बंद झाले. जूनच्या आधी पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर ठेवाव्यात. चिठ्ठीचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, आणि एक कुवेतला मामूंनाही पाठवावा. त्यावर औषधाचे नाव आणि मात्रा असते. पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी निदान कोणत्या गोळीबद्दल बोलतो आहोत, ते त्यांना कळेल.